कडू पट्ट्यांची एकसष्टावी खेप

१

एकोणीस रुग्णांच्या जिभेवर कडू कागदाची पट्टी ठेवली गेली, आणि एकोणीसच्या एकोणीस जणांनी म्हणे सांगितलं, काहीच लागत नाही.

"हे शक्य आहे का?" हेर्दिसने विचारलं. ती रुग्णालयाच्या चौकशी समितीची प्रमुख, शिक्षणाने वकील. समोर बसलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त तंत्रज्ञ बाईला तिने मुद्दाम बोलावून घेतलं होतं, कारण या पट्ट्यांचे नियम त्या बाईच्या हस्ताक्षरात होते.

"नाही," गुनवोर म्हणाली. "शंभरातल्या सत्तरेक जणांना ती लागते. काहींना इतकी, की ते खिडकी उघडून थुंकतात. बाकीच्यांना जन्मतःच लागत नाही. पण एकोणीसही जण त्याच जातीचे? असं होत नाही."

"झालंच नाही!" खिडकीशी उभा असलेला योस्टाइन म्हणाला. याच विभागातला डॉक्टर, पस्तिशीचा, दाढी नीट कोरलेला. "जनुकांचे अहवाल मी जुळवून पाहिले. एकोणीसपैकी चौदा जणांना कडू लागायलाच हवी होती. आमच्या संशोधक सुन्निवाने पट्ट्या दिल्याच नाहीत. घरी पाय पसरून बसली आणि रकाने भरले. त्यासाठी बर्गनच्या वृद्धाश्रमातून कुणाला उठवून आणायची गरज नव्हती."

"मी घरीच राहते," गुनवोर म्हणाली. "आणि जिने अजून चढते."

हेर्दिसने हात वर केला. "मला एक कळत नाही. हा नाकाचा विभाग. तुम्हाला जिभेचं काय पडलंय?"

योस्टाइनने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण गुनवोर आधी बोलली. त्रेचाळीस वर्षं तिने हे नव्या लोकांना समजावलं होतं. फरक एवढाच, की खरं कारण कळायला त्यातली तीस वर्षं गेली. "कडू ओळखणारे संवेदक नुसते जिभेवर नसतात. नाकाच्या आतल्या अस्तरावरही असतात. जंतू आपसात रसायनांतून निरोप धाडतात. ते निरोप या संवेदकांना कडू लागतात. कडू लागलं, की अस्तरावरची बारीक लव वल्ह्यांसारखी जोरात हलते आणि जंतू मारणारा वायू सुटतो. ज्याच्या जिभेला पट्टी लागत नाही, त्याच्या नाकातला पहारेकरीही पेंगत असतो. त्याचं नाक पुन्हा पुन्हा बिघडतं. एका कागदाच्या पट्टीवरून आधीच सांगता येईल का, कुणाला ऑपरेशनचा फायदा होईल, हे सुन्निवा शोधत होती."

"होती," योस्टाइन म्हणाला. "भूतकाळ बरोबर वापरलात, आजीबाई."

टेबलावर मोहरबंद पिशवीत तपकिरी काचेची बाटली होती. तिच्यावर लिहिलं होतं: कडू, खेप ६१. शेजारी खेपांची वही. सगळ्या रुग्णांना याच खेपेतल्या पट्ट्या दिल्या होत्या. हेर्दिसने मोहर तोडून चिमट्याने दोन पट्ट्या काढल्या. एक स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि तिचा चेहरा चोळामोळा झाला. दुसरी गुनवोरने घेतली.

जिभेवर ठेवण्याआधी तिच्या अंगठ्याने सवयीने पट्टीच्या कडा चाचपल्या. एक कोपरा तिरपा कापलेला होता, तांदळाच्या कणीएवढा. तिला बरं वाटलं. तिची एक जुनी सवय इथे अजून कुणीतरी जपत होतं.

मग कडूपणा आला. जिभेच्या मुळाशी, घट्ट, रेंगाळणारा. चाळीस वर्षांत त्यात तसूभर फरक नव्हता.

"कडू आहे," ती म्हणाली.

"म्हणजे पट्ट्या चांगल्या आहेत," हेर्दिसने लिहून घेतलं. "उद्या दुपारी एक वाजता समिती बसेल. खोटी माहिती भरल्याचं ठरलं तर सुन्निवाची नोकरी जाईल आणि पुन्हा कुठे संशोधन करता येणार नाही. ते काम योस्टाइनकडे जाईल."

गुनवोरने वही ओढली. पहिल्या पानावरचे नियम तिचेच: खेप करणाऱ्याने सही करावी, चाखणाऱ्याने सही करावी, दोघं वेगळे असावेत. एकसष्टाव्या खेपेसमोर नोव्हेंबरची तारीख होती. केली: आ. रे. चाखली: आ. रे. कडू.

दोन्ही सह्या आस्मुंड रेक्स्टेनच्या होत्या. विभागप्रमुखाच्या.

२

सुन्निवा तळघरातल्या कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. वरच्या मजल्यावरची तिची खुर्ची आधीच दुसऱ्या कुणाला दिली होती. बाहेर रस्त्यावर शाळेचा बँड सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीची तालीम करत होता; ट्रम्पेट एकाच जागी पुन्हा पुन्हा घसरत होता.

"तुम्ही कोण ते मला माहीत आहे," सुन्निवा मान वर न करता म्हणाली. "आस्मुंडच्या भाषणांत तुम्ही असता. 'आमची गुनवोर, जिच्या हातच्या पट्ट्या चाखून मी मोठा झालो.' त्यांनीच पाठवलं ना?"

"हेर्दिसने बोलावलं."

"एकच ते."

"पट्ट्या तू दिल्यास?"

"दिल्या. एकोणीस जणांना. प्रत्येकाला दोन. आधी कोरी, मग कडू. चौदा वेळा सांगून झालंय, पंधराव्यांदा तुम्हाला सांगते. ते नाही म्हणाले, मी नाही लिहिलं."

"सगळेच नाही म्हणताहेत हे तुला खटकलं नाही?"

सुन्निवाने आता वर पाहिलं. डोळे सुजलेले, पण नजर धारदार. "खटकलं. बाराव्या रुग्णाच्या वेळी मी आस्मुंडकडे गेले. म्हटलं, पट्टी तपासून बघू या का? ते म्हणाले, मी स्वतः चाखली आहे, मुली. मी चाखायला लागलो तेव्हा तुझी आई शाळेत होती. संपलं. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा?"

"तू स्वतः चाखून बघायची."

"मला लागत नाही!" ती ओरडली. "मी त्या तिसांतली आहे. माझी दोन ऑपरेशनं झालीत. म्हणून तर या कामाला आले. आता म्हणतील, हिला स्वतःला लागत नाही, म्हणून सगळ्यांच्या नावावर तेच लिहिलं."

गुनवोर तिच्या शेजारी बसली. सुन्निवा अंग चोरून सरकली.

"विसावा रुग्ण होता का कुणी?"

सुन्निवाने जेवणाचा डबा मांडीवर घेतला. बँड थांबला, पुन्हा सुरू झाला.

"होता. लोफोटन बेटांवरचा मासेमार. कॉड मासा आला म्हणून बोट घेऊन निघून गेला, आलाच नाही. त्याचं पाकीट मी आधीच भरलं होतं." तिने डब्यातल्या ब्राउन चीजच्या सँडविचखालून एक पाकीट काढलं. बंद. त्यावर पेन्सिलने: २०, खेप ६१. "कुणाला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर म्हणाले असते, आता कागद कापून भरलास."

"मला का दाखवतेस?"

"उद्या एक वाजता सगळं संपणार आहे. आणखी काय व्हायचं राहिलंय?"

गुनवोरने पाकीट फाडलं. दोन पट्ट्या. तिने पहिली जिभेवर ठेवली: कागद. ती कोरी, ठीक. दुसरी ठेवायच्या आधी अंगठा कडांवरून फिरला, आणि तिथेच थबकला.

चारही कोपरे शाबूत होते.

तिने पट्टी जिभेवर ठेवली. वाट पाहिली. साठपर्यंत मोजलं.

कागद. नुसता कागद.

३

"कोपरा मीच कापते," तूरिड म्हणाली. "तू शिकवलंस म्हणून. त्यात काय चोरी आहे?"

तूरिड गुनवोरच्या जागेवर आलेली तंत्रज्ञ. आठ वर्षं झाली, तरी ती गुनवोरला आत बघून दार अर्धवटच उघडत असे. 'माझ्या वेळी' हे दोन शब्द तिने पुष्कळ ऐकले होते.

"चोरी नाही. आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला सांगू? डॉक्टर लोक कात्रीकडे बघतात तरी का? कडूचा कोपरा कापायचा, कोरीचा नाही, हातातून बश्या बदलल्या तरी बोटांना कळतं. तू का सुरू केलंस ते मात्र कधी सांगितलं नाहीस."

"एकदा चुकले होते." गुनवोर पुढे म्हणाली, "एकसष्टावी खेप तू नाही केलीस."

"नोव्हेंबरात माझ्या खुब्याचं ऑपरेशन होतं. आस्मुंडने स्वतः केली. त्याने साठाव्या खेपेची बाटली धुऊन ठेवली होती म्हणून मी त्याचे आभारसुद्धा मानले. बासष्टावी मी मार्चमध्ये केली." तिने शीतकपाट उघडलं, बासष्टची बाटली उचलली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "ही गळ्यापर्यंत भरली होती."

आता ती अर्ध्यावर होती.

"मोहरबंद बाटलीतल्या पट्टीला कापलेला कोपरा आहे," गुनवोर म्हणाली. "बाटलीवर एकसष्ट लिहिलंय, आत तुझ्या बासष्टमधल्या पट्ट्या. कपाटाची किल्ली कुणाकडे?"

तूरिडचा चेहरा बंद झाला. "माझ्याकडे. आणि आस्मुंडकडे. तू माझ्यावर टाकू नकोस हं, गुनवोर. मला निवृत्तीला चार वर्षं उरलीत."

"आणखी कुणाला दिलीस?"

तूरिडने बाटली परत ठेवून कपाट लावलं. "योस्टाइनला. एकदा. एप्रिलमध्ये. तापमापक बघायचाय म्हणाला."

योस्टाइन जेवणाच्या खोलीत सापडला, साडेअकराची वेळ. त्याने गुनवोरला बघून डबा बंद केला.

"तापमापक कसा होता?" तिने विचारलं.

त्याला कळायला क्षणभरच लागला. "तुम्हाला अधिकार काय मला विचारायचा?"

"काहीच नाही. एक वाजता हेर्दिस विचारेल, उद्या. तिला आहे. तुझ्या हातात किल्ली होती आणि या पोरीची खुर्ची तुला हवी होती. मी वकील नाही, पण मलासुद्धा गोष्ट पुरी दिसते."

"मूर्खपणा!" तो आवाज दाबत म्हणाला. "मला अहवाल जुळेनात, म्हणून मी एकसष्टमधली पट्टी चाखायला गेलो. मला लागते, कपाटाच्या दारावर माझ्या नावापुढे त्याचीच फुली आहे, जाऊन बघा."

"मग?"

तो खिडकीकडे वळला. "मग काही नाही."

"म्हणजे काही लागलं नाही."

त्याने खिडकीची कडी उगाच फिरवली.

"एप्रिलमध्ये बाटली कोरी होती, आणि तुला हे माहीत होतं," गुनवोर म्हणाली. "आणि तू समितीपुढे पोरीवर बोट रोखलंस."

"तिनेच कोऱ्या भरल्या असतील! मी आस्मुंडला त्याच दुपारी सांगितलं, पट्ट्यांत गडबड आहे. ते म्हणाले, मी बघतो, तू कुणाशी बोलू नकोस. सोमवारी बाटली मोहरबंद झाली. आज सकाळी हेर्दिसने चाखली तेव्हा ती कडू होती. मी काय करायचं होतं? विभागप्रमुखाला खोटं पाडायचं?"

"आणि खुर्ची सोडायची."

"बैठकीत विचारलंत तर मी नाही म्हणेन," योस्टाइन म्हणाला. "एक शब्द मान्य करणार नाही. तुम्ही आहातच कोण?"

पायऱ्या उतरताना गुनवोर कठड्याला धरून थांबली. कुणी केलं ते तिला कळलं होतं. दुपारी त्याच्या दारावर टकटक करायची होती, आणि ते दार तिला अडतीस वर्षांपासून ओळखीचं होतं.

४

आस्मुंड रेक्स्टेन कोलराबी नावाच्या कच्च्या कंदाच्या फोडी खात होता, लहान मुलं सफरचंद खातात तशा. कागदपत्रांशेजारी नाकात मारायचा फवारा, रुमालांचं खोकं. तो तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घेत होता. तो आवाज गुनवोरला पाठ होता. शेजारच्या खोलीतून ऐकून तिला कळायचं, आस्मुंड आला.

"गुनवोर! ये. फोड घेतेस?"

"नको. मला ती कडवट लागते."

"हल्ली तर गोड जात मिळते." त्याने आणखी एक फोड मोडली. मागच्या भिंतीवर त्याचा जुना फोटो: भरल्या सभागृहात व्यासपीठावर उभा, जिभेवर पट्टी, चेहरा पिळलेला, पुढची रांग हसतेय. प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात तो तशी करायचा. देशोदेशी लोकांना व्याख्यान आठवायचं नाही, तो चेहरा आठवायचा.

"नाक कसं आहे?"

"तिसरं ऑपरेशन सांगताहेत. तू नाकाची विचारपूस करायला आली नाहीस."

"नाही. एकसष्टावी खेप तू एकट्याने का केलीस?"

"कारण तूरिड पलंगावर होती आणि रुग्ण दारात होते. मी केली, मी चाखली, कडू होती. वहीत आहे."

"घाई असेल. कडू पूड टाकायची राहिली असेल. कुणाकडूनही राहते, आस्मुंड. चुकलं असेल तर अजून उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. तू म्हणालास चुकलो, तर कुणी तुझं डोकं उडवणार नाही. पोरगी वाचेल."

"पूड राहिली असती तर चाखताना कळलं नसतं?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मी अडतीस वर्षं चाखतोय. एकदाही चुकलेलो नाही."

"एकदाही नाही?"

"नाही. आणि ऐक." त्याने फोड खाली ठेवली. "तू निवृत्त आहेस. लोक तुझ्याबद्दल प्रेमाने बोलतात. ते तसंच राहू दे. त्या पोरीला स्वतःला चव कळत नाही. तिच्यासाठी तू माझ्या शब्दावर शंका घेतलीस, तर मी विसरणार नाही की ही वही तुझ्या काळातही कशी चालायची."

"कशी चालायची?"

"ढिली," तो म्हणाला. "सगळं ढिलं होतं, गुनवोर. उद्या विचारलं तर मी तेच सांगेन."

ती उठली. दारापाशी वळून तिने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. एक किडकिडीत पंचवीस वर्षांचा मुलगा तिला आठवला, बेटावरून आलेला, आईने विणलेला स्वेटर घातलेला, भुकेला आणि घाबरलेला. त्या मुलासाठी तिने एकदा काहीतरी केलं होतं. म्हणजे, काहीतरी केलं नव्हतं.

मग ती तूरिडकडे गेली आणि म्हणाली, "मला उद्या दोन बश्या हव्यात. आणि तुझी कात्री."

५

शुक्रवारी एक वाजता लांब टेबलाभोवती गुनवोरखेरीज पाच जण होते. हेर्दिस टोकाला. आस्मुंड तिच्या उजवीकडे, योस्टाइन डावीकडे. तूरिड दाराजवळ, पटकन निघता येईल अशी. सुन्निवा एकटी, कोट अंगातच.

"ही जादूगारगिरी कशाला?" बश्या पाहून योस्टाइन म्हणाला.

"निर्णयाआधी सगळ्यांनी चव घ्यावी एवढंच," गुनवोर म्हणाली. "बासष्टावी खेप, तूरिडने केलेली. आस्मुंड, तुझी हरकत?"

"मुळीच नाही. जेवण फार गोड होतं."

एक-दोघे हसले. गुनवोरने पहिल्या बशीतल्या पट्ट्या वाटल्या. हेर्दिसने ठेवली आणि पाण्याचा पेला ओढला. योस्टाइनने तोंड वाकडं केलं. तूरिड "शी!" म्हणाली. सुन्निवाने ठेवली आणि निर्विकार बसली.

दुसऱ्या बशीत एकच पट्टी होती. गुनवोरने ती सगळ्यांसमोर मधून फाडली. अर्धी बशीत ठेवली, अर्धी आस्मुंडच्या हातात दिली.

त्याने ती हातात धरली. क्षणभरच. नजर टेबलावरून फिरली: हेर्दिसच्या हातातला पेला, योस्टाइनचे आवळलेले ओठ, तूरिडचा रुमाल. मग त्याने सराईतपणे पट्टी जिभेवर ठेवली, आणि सभागृहं हसवणारा तो चेहरा पिळला गेला, भुवयांपासून हनुवटीपर्यंत.

"कडू?" गुनवोरने विचारलं.

"जहर. नेहमीसारखी."

"हेर्दिस, उरलेली अर्धी तुम्ही घ्या."

हेर्दिसने आधी पाणी पिऊन जीभ धुतली. पट्टी ठेवली. सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, आणि मग हळूहळू काहीतरी उमटलं, पण ते कडूपणाचं नव्हतं.

"हा नुसता कागद आहे," ती म्हणाली.

"हो. आपण पट्ट्या कापतो तो कोरा गाळणकागद. याला चारही कोपरे आहेत. कडूचा एक कोपरा आम्ही कापतो, मी आणि तूरिड. डॉक्टरांपैकी कुणाला ते माहीत नाही." गुनवोरने पाकीट क्रमांक वीस टेबलावर ठेवलं, दुसरी ओलावलेली पट्टी त्यातच. "नोव्हेंबरात जी खेप झाली, तिला कोपरे कापलेले नव्हते. ती कोरीच होती. आस्मुंडने घाईत नुसत्या स्पिरिटमध्ये कागद बुडवले, चाखले, आणि आत्ता म्हणाला तसंच म्हणाला. मुद्दाम नाही. ती चूक होती. एप्रिलमध्ये योस्टाइनने त्याला सांगितलं, पट्ट्यांत गडबड आहे. तेव्हा त्याला कळलं, चूक कुणाची. त्याने तूरिडच्या बासष्टमधल्या पट्ट्या एकसष्टच्या बाटलीत ओतल्या. आणि ते मुद्दाम केलं."

"योस्टाइन?" हेर्दिसने विचारलं.

योस्टाइनने आस्मुंडकडे पाहिलं, मग बशीकडे. आदल्या दिवशी 'एक शब्द मान्य करणार नाही' म्हणालेला माणूस वारा कुठला ते बघत होता. "मी एप्रिलमध्ये चाखली होती," तो शेवटी म्हणाला. "एकसष्ट. लागली नाही. आस्मुंडला सांगितलं होतं."

सुन्निवा खुर्चीत ताठ झाली. "तुला माहीत होतं?"

योस्टाइनने खुर्ची तिच्यापासून दूर वळवली.

आस्मुंड रुमालाने जीभ पुसत होता, कोऱ्या कागदाची चव पुसत असल्यासारखी. "एका सर्दीच्या दिवसावरून तुम्ही चाळीस वर्षांचं काम ठरवणार? माझं नाक चोंदलंय. चव जाते."

"नाक चोंदलं की वास जातो," गुनवोर म्हणाली. "जिभेवरचा हा कडूपणा जात नाही. हे तूच शिकवायचास. तुझं नाक सारखं का चोंदतं, हेही तूच शोधून काढलंस, आस्मुंड. निम्मं आयुष्य त्यावर व्याख्यानं दिलीस. नाकावरून कुणाला दोषी ठरवता येत नाही. चांगली जीभ असलेल्यांचीही नाकं बिघडतात. पण मला नाकाची गरज नव्हती. मला डिसेंबर चौऱ्याऐंशी आठवतोय."

तिने खाली बघितलं. आता जे बोलायचं होतं ते आस्मुंडपेक्षा तिला स्वतःला जड होतं.

"तेव्हा डाग्नी हेल्मेलांड प्रमुख होत्या. नव्या डॉक्टरला नाताळच्या जेवणाला पट्टी चाखायला लावायच्या आणि कपाटाच्या दारावर नाव लिहायच्या. ज्याला लागायची त्याच्या नावापुढे फुली. ज्याला लागायची नाही त्याला कानाच्या विभागात धाडायच्या. 'मला इथे जिभा हव्यात,' म्हणायच्या. तुझ्या वेळी मी घाईत चुकीच्या बशीतली पट्टी उचलली. कोरी. तू आजूबाजूचे चेहरे पाहिलेस आणि इतकं वाकडं तोंड केलंस, की डाग्नी हसून खुर्चीवर बसल्या. बश्या विसळताना मला दिसलं, तुझ्यासाठी काढून ठेवलेली कडू पट्टी तशीच पडली होती. दुसऱ्या दिवसापासून मी कोपरा कापायला लागले."

खोलीत फक्त आस्मुंडचा श्वास ऐकू येत होता, तोंडातून येणारा.

"तुला तेव्हापासून माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आदल्या रात्री आईला पत्र लिहिलं होतंस, जागा मिळेल म्हणून. पाकिटाला तिकीट मी दिलं होतं."

आस्मुंडचे खांदे उतरले. तो एकदम म्हातारा दिसला, तिच्याहूनही. "एकदा ते तोंड केलं," तो हळू बोलला, "मग दरवर्षी करावं लागलं. मला वाटायचं, आपण कडूपणावर काम करतोय, तो आपल्याला लागतो की नाही याने काय फरक पडतो?" त्याने सुन्निवाकडे पाहिलं नाही. "मी ठरवून तुला निवडलं नव्हतं. तू फक्त तिथे होतीस."

"हे क्षमा मागणं होतं का?" सुन्निवाने विचारलं.

त्याने रुमालाची घडी घातली.

हेर्दिसने कागद गोळा केले. सुन्निवावरचा आरोप मागे घेतला जाईल, आस्मुंड रेक्स्टेन आजपासून पदावर नसतील, योस्टाइनबद्दल वेगळी चौकशी होईल, एवढं तिने कोरड्या आवाजात सांगितलं. तूरिड सगळ्यांत आधी बाहेर पडली. योस्टाइन तिच्या मागोमाग. आस्मुंड उठला, बशीतला फाटका कागद उगाच सरळ केला आणि गेला.

गुनवोर बश्या उचलायला लागली. कुणीतरी आभार मानेल अशी तिची अपेक्षा नव्हती. पण सुन्निवा अजून गेली नव्हती.

"तुमच्या दयेवर त्याने चाळीस वर्षं काढली," सुन्निवा म्हणाली. "आणि भरलं मी. सहा महिने. एकोणीस माणसं माझ्या भरवशावर आली होती, त्यांतल्या कितीजणांना आता पुन्हा बोलवायचं? तुम्ही तेव्हा एक वाक्य बोलला असतात तर?"

"तर तो कानाच्या विभागात गेला असता."

"तर मग कानांचं भलं झालं असतं!"

गुनवोरला हसू आलं नाही. तिने बश्या एकात एक ठेवल्या.

सुन्निवाने खेपांची वही उघडली. जुनी पानं मागे उलटत गेली, चौऱ्याऐंशीपर्यंत. नववी खेप. केली: गु. चाखली: आ. रे. पहिल्यांदाच. शेजारी डाग्नींच्या हातचं: उत्तम जीभ!

तिने पेन पुढे केलं. "लिहा. जे झालं ते. आजची तारीख घालून."

गुनवोरने चष्मा लावला. समासात जागा थोडी होती, म्हणून अक्षर बारीक काढावं लागलं. 'आस्मुंडला दिलेली पट्टी कोरी होती. चूक माझी. मला त्याच दिवशी कळलं होतं, मी सांगितलं नाही. गुनवोर त्वाइतेरोस.'

सुन्निवाने वाचलं. पेन काढून घेतलं. नियमाप्रमाणे दुसरी सही लागत होती. तिने शेजारी स्वतःची केली, वही बंद केली आणि फोन उचलला. लोफोटनला, विसाव्या रुग्णाला.

बाहेर बँडची तालीम पुन्हा सुरू झाली होती. त्या ट्रम्पेटवाल्याला अजून ती जागा जमत नव्हती.